डालड्याचा डबा, ट्रान्सफॉर्मरचं विष आणि निकेलची भुकटी : पॉल साबातिए यांची गोष्ट

डालड्याचा पिवळा डबा आठवतोय का? त्यावर ते हिरवं ताडाचं झाड असायचं. तूप संपलं की डबा घासूनपुसून त्यात रवा भरला जायचा, आणि अगदीच पोचे पडले की गॅलरीत त्याच डब्यात तुळस लागायची.

हे वनस्पती तूप आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर बनायला लागलं ते मुंबईत, शिवडीच्या कारखान्यात, १९३२ साली. डालडा हा ब्रँड आला १९३७ मध्ये. पातळ तेलाचं घट्ट तूप करायचं म्हणजे तेलात हायड्रोजन घुसवायचा. तो आपणहून घुसत नाही, त्यासाठी मध्ये एक मध्यस्थ लागतो. हा मध्यस्थ म्हणजे निकेल धातूची बारीक भुकटी.

आता गंमत बघा. हीच निकेलची भुकटी आज जगभरातल्या प्रयोगशाळा एका भलत्याच कामाला लावतायत. जुन्या ट्रान्सफॉर्मरमधलं विषारी तेल, कारखान्यांमधलं टाकाऊ सॉल्व्हंट, जमिनीत मुरलेली कीटकनाशकं, या सगळ्यांत एक समान खलनायक असतो, क्लोरीन. या रसायनांमधून क्लोरीन उपटून काढायचा, त्याच्या जागी हायड्रोजन बसवायचा, की विषाची धार जाते. आणि हे काम स्वस्तात करू शकणाऱ्या धातूंमध्ये निकेलचं नाव सगळ्यात वर येतं.

या दोन्ही गोष्टींच्या मुळाशी एकच माणूस आहे. फ्रान्सच्या दक्षिण टोकाकडच्या एका शहरात अख्खं आयुष्य काढलेला, पॅरिसला दोनदा नाही म्हणणारा, नोबेल मिळूनही आपल्याकडे बारावीच्या पुस्तकापलीकडे फारसा कुणाला माहीत नसलेला. पॉल साबातिए.

पॅरिसमधून परत गावाकडे

५ नोव्हेंबर १८५४ रोजी दक्षिण फ्रान्समधल्या कार्कासोन या तटबंदीच्या गावात साबातिए यांचा जन्म झाला. पोरगं हुशार. पॅरिसच्या एकोल नॉर्माल सुपेरिएर या नामांकित संस्थेत गेले आणि १८७७ मध्ये पहिल्या नंबरानं बाहेर पडले. नंतर वर्षभर नीममध्ये शिकवलं आणि मग थेट मार्सेलिन बर्तलो यांच्या हाताखाली कामाला लागले. हे बर्तलो म्हणजे त्या काळच्या फ्रेंच रसायनशास्त्रातले सर्वेसर्वा. त्यांच्याकडेच १८८० मध्ये डॉक्टरेट झाली.

इथून पुढचा रस्ता ठरलेला असतो. पॅरिसमध्ये टिकून राहायचं, मोठ्या माणसांच्या ओळखी वाढवायच्या, एखादी खुर्ची रिकामी होण्याची वाट बघायची. साबातिए यांनी ते केलं नाही. एक वर्ष बोर्दोला काढून १८८२ मध्ये ते तुलूझला आले, आपल्या जन्मगावापासून शंभरेक किलोमीटरवर. १८८४ साली तिथं रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले. तेव्हा त्यांचं वय होतं तीस. त्यानंतर त्यांनी तुलूझ सोडलं नाही, ते शेवटपर्यंत.

त्या काळात फ्रान्समध्ये विज्ञान म्हणजे पॅरिस. बाकी सगळं म्हणजे मुफसल. पैसा पॅरिसला, प्रयोगशाळा पॅरिसला, मानमरातब पॅरिसला. एवढंच काय, फ्रेंच विज्ञान अकादमीचं पूर्ण सदस्य व्हायचं तर मुक्काम पॅरिसमध्ये असावा लागायचा. साबातिए यांचा हट्ट किती महागात पडू शकला असता, ते यावरून लक्षात येईल.

शेजाऱ्याचा अर्धवट सोडलेला प्रयोग

१८९० साली इंग्लंडमध्ये लुडविग मॉंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एक विचित्र गोष्ट दिसली होती. निकेल हा चांगला जड, टणक धातू. पण त्याच्या बारीक भुकटीवरून कार्बन मोनॉक्साइड वायू सोडला तर निकेल चक्क त्या वायूशी जोडी जमवून उडून जातं, आणि आणखी तापवलं की वायूला सोडून परत धातू होतं.

साबातिए यांच्या डोक्यात ही गोष्ट बसली. धातू एखाद्या वायूला धरतो आणि परत सोडतो. मग तो बाकीच्या वायूंनाही धरत असेल का?

या कामात त्यांच्यासोबत होते आबे जाँ-बाप्तिस्त सांदरेंस. आबे म्हणजे पाद्री. होय, कॅथलिक धर्मगुरू. तुलूझच्या कॅथलिक संस्थेत ते रसायनशास्त्र शिकवायचे. फ्रान्समध्ये तेव्हा चर्च आणि सरकार यांच्यात जोरदार जुंपली होती, इतकी की १९०५ साली कायदा करून दोघांना वेगळं करावं लागलं. त्याच काळात सरकारी विद्यापीठातला प्राध्यापक आणि झग्यातला पाद्री एकाच टेबलावर काचेच्या नळ्या तापवत होते. यावर एखादी वेबसिरीज व्हायला हरकत नाही.

१८९६ मध्ये पॅरिसमधून बातमी आली. आंरी मुआसां आणि त्यांच्या सहकाऱ्यानं ताज्या निकेलवरून ॲसिटिलीन वायू सोडला, तर निकेल लाल होऊन धगधगायला लागलं आणि वायूचे तुकडे झाले. मुआसां म्हणजे साधं नाव नव्हे, पुढे १९०६ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांनाच मिळालं. त्यांनी यातून इतकाच अर्थ काढला की निकेल सच्छिद्र असल्यामुळे उष्णता वाढते आणि वायू फुटतो. विषय संपला.

साबातिए यांना ते पटलं नाही. त्यांना वाटत होतं की निकेल तिथं नुसतं बघ्याची भूमिका घेत नाहीये, ते प्रत्यक्ष खेळात उतरतंय. पण दुसऱ्याच्या विषयात परस्पर घुसायचं कसं? त्यांनी आधी मुआसां यांना रीतसर विचारलं, की तुम्ही हे काम पुढे नेणार आहात का. तिकडून उत्तर आलं, नाही. आजच्या काळात असं विचारणारे किती सापडतील, हा प्रश्न मी सोडून देते.

मग साबातिए आणि सांदरेंस यांनी ॲसिटिलीनऐवजी थोडा मवाळ वायू घेतला, इथिलीन. गरम निकेलवरून इथिलीन गेला, निकेल धगधगलं, काजळी जमली. मुआसांसारखंच. पण यांनी बाहेर पडलेला वायू नीट तपासला. त्यात इथेन होता. इथेन म्हणजे इथिलीनच, फक्त त्यात दोन हायड्रोजन जास्त. म्हणजे काही इथिलीन फुटला, त्यातला हायड्रोजन उरलेल्या इथिलीनला जाऊन चिकटला, आणि ही जोडणी करून दिली निकेलनं.

मग त्यांनी सरळ इथिलीन आणि हायड्रोजन एकत्र सोडले. काम झालं, तेही थोडक्या उष्णतेत. साल होतं १८९७.

पुढची काही वर्षं या जोडीनं अक्षरशः धुमाकूळ घातला. १९०१ मध्ये बेंझिन या भल्याभल्यांना दाद न देणाऱ्या रसायनात हायड्रोजन घुसवून दाखवला. १९०२ मध्ये कार्बन मोनॉक्साइड आणि कार्बन डायऑक्साइडपासून मिथेन बनवला. ही दुसरी क्रिया आज साबातिए रिॲक्शन म्हणूनच ओळखली जाते. २०१० साली ती करणारं यंत्र इंटरनॅशनल स्पेस स्टेशनवर बसवण्यात आलं. अंतराळवीरांच्या उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन घ्यायचा, पाणी परत मिळवायचं, मिथेन बाहेर सोडून द्यायचा.

जे विष, तेच गिऱ्हाईक

आता येऊया क्लोरीनकडे, कारण मला या माणसावर लिहावंसं वाटलं ते यामुळेच.

निकेलवर काम करणाऱ्या साबातिए यांची सगळ्यात मोठी डोकेदुखी होती विषबाधा. माणसांची नाही, निकेलची. वायूमध्ये किंवा रसायनात गंधक, क्लोरीन, ब्रोमीन यांचा अगदी किंचित अंश असला तरी कालपर्यंत मस्त चालणारं निकेल आज मेल्यासारखं पडायचं. त्यामुळे हायड्रोजन धुऊन घ्यायचा, निकेल शुद्ध ठेवायचं, क्लोरीन तर आसपास फिरकू द्यायचा नाही, हा त्यांच्या प्रयोगशाळेतला पहिला नियम.

आणि १९०४ मध्ये साबातिए यांनी आल्फोन्स माइल या आपल्या दुसऱ्या सहकाऱ्यासोबत नेमकं उलटं केलं. त्यांनी मुद्दाम क्लोरीनवाली रसायनं निकेलवरून सोडली.

क्लोरोबेंझिन हे त्यातलं एक. षटकोनी कड्यासारखं बेंझिन, आणि त्याच्या एका कोपऱ्यावर क्लोरीनचा अणू घट्ट बसलेला. कमी उष्णतेत निकेल तो क्लोरीन ओढायचं खरं, पण स्वतःलाच चिकटवून घ्यायचं. धातूचं निकेल क्लोराइड व्हायचं आणि काम बंद पडायचं. पण उष्णता अडीचशे अंश सेल्सिअसच्या पुढे नेली, की हायड्रोजन त्या अडकलेल्या क्लोरीनलाही सोडवून न्यायचा. क्लोरीन हायड्रोजन क्लोराइड होऊन वायूरूपात बाहेर, निकेल परत मोकळं, आणि नळीच्या टोकाला मिळायचं साधं बेंझिन.

म्हणजे ज्या गोष्टीला विष म्हणून लांब ठेवायचं, तिलाच योग्य तापमानाला गिऱ्हाईक करून टाकलं.

साबातिए यांचा सगळा सिद्धान्तच या एका प्रयोगात दिसतो. त्यांचं म्हणणं होतं की कॅटॅलिस्ट, म्हणजे मराठी पुस्तकातला उत्प्रेरक, हा लांब उभा राहून टाळ्या वाजवणारा नसतो. तो रसायनाला प्रत्यक्ष पकडतो, त्याच्याशी थोड्या वेळाचं कच्चं नातं जोडतो आणि मग सोडतो. पकड फार ढिली असेल तर काहीच घडत नाही. पकड फार घट्ट असेल तर सुटकाच नाही, म्हणजे विषबाधा. मधली पकड हवी. हे आज रसायनशास्त्रात साबातिए तत्त्व म्हणून शिकवलं जातं, आणि हायड्रोजन इंधनावर काम करणारे लोकही त्याचाच आधार घेऊन नवे धातू शोधतात.

१९०४ मध्ये या क्लोरीनच्या प्रयोगाचं फारसं कौतुक व्हायचं काही कारण नव्हतं. प्रदूषण म्हणून क्लोरीनची रसायनं कुणाच्या खिजगणतीत नव्हती, कारण त्यातली बरीचशी अजून बाजारात यायचीच होती.

एक नोबेल, दोन रिकाम्या जागा

१९०७ मध्ये पॅरिसमध्ये एकापाठोपाठ एक दोन मोठ्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. फेब्रुवारीत मुआसां गेले, मार्चमध्ये बर्तलो. सॉर्बोनमधली मुआसां यांची जागा आणि कॉलेज द फ्रान्समधली बर्तलो यांची जागा, दोन्हींसाठी साबातिए यांना विचारणा झाली. एक आपल्या गुरूची खुर्ची, दुसरी आपल्या प्रतिस्पर्ध्याची. सिनेमात असतं तर इथं बॅकग्राउंड म्युझिक वाजलं असतं. साबातिए यांनी दोन्ही नाकारल्या आणि तुलूझमध्येच राहिले. १९०५ पासून ते तिथल्या विज्ञान शाखेचे डीन होते. त्याच सुमारास शहरात रसायनशास्त्र, विद्युत आणि शेती अशा तीन संस्था उभ्या राहिल्या, त्यामागे त्यांचाच जोर होता.

१९१२ मध्ये नोबेल आलं. अर्धं साबातिए यांना, निकेलसारख्या धातूंच्या बारीक भुकटीवर हायड्रोजन जोडण्याच्या पद्धतीसाठी. अर्धं व्हिक्टर ग्रिन्यार या दुसऱ्या फ्रेंच शास्त्रज्ञाला, वेगळ्याच शोधासाठी. दोघंही पॅरिसबाहेरच्या विद्यापीठांतले.

आणि सांदरेंस? त्यांचं नाव नव्हतं.

१८९७ च्या पहिल्या प्रयोगापासून ते सोबत होते. शोधनिबंधांवर दोघांची नावं होती. १९०५ मध्ये फ्रेंच अकादमीचा जेकर पुरस्कार दोघांना मिळून देण्यात आला होता. नोबेलचे नियम एका पुरस्कारात तिघांना सामावून घेतात, त्यामुळे जागा नव्हती असंही म्हणता येत नाही. खुद्द ग्रिन्यार यांनी एका पत्रात लिहून ठेवलंय, की आपण थोडं थांबलो असतो, साबातिए आणि सांदरेंस यांना एकत्र नोबेल मिळालं असतं आणि नंतर आपण आपले गुरू बार्बिए यांच्यासोबत ते वाटून घेतलं असतं, तर जास्त बरं वाटलं असतं. म्हणजे ज्याला मिळालं त्यालाच ते खटकत होतं.

कल्पना साबातिए यांची होती, हे मानायला हरकत नाही. पण निकेलची भुकटी रोज नव्यानं तयार करणं, ती मरू न देणं, हे हातांचं काम आहे, आणि त्यातले दोन हात सांदरेंस यांचे होते. माझ्या मते हा अन्यायच होता. सांदरेंस मात्र कॅटॅलिस्टवर काम करत राहिले. १९३७ मध्ये ते वारले.

पुढच्याच वर्षी, १९१३ मध्ये, फ्रेंच विज्ञान अकादमीला आपला नियम वाकवावा लागला. पॅरिसबाहेरच्या शास्त्रज्ञांसाठी सहा नव्या जागा तयार झाल्या आणि पहिले निवडून आले साबातिए. त्याच वर्षी कॅटॅलिस्टवरचं त्यांचं गाजलेलं पुस्तकही आलं.

पैशांचं म्हणाल तर तुपाचा खरा मलिदा दुसरीकडेच गेला. साबातिए यांची पद्धत होती वाफेसाठी. द्रव तेलात थेट निकेल घालून ते घट्ट करण्याचं पेटंट १९०२ मध्ये विल्हेल्म नॉर्मन या जर्मन रसायनतज्ज्ञानं घेतलं. आपला डालडा त्या घराण्यातला. (अर्धवट हायड्रोजन घुसवलेल्या तेलात ट्रान्स फॅट तयार होतात, आणि त्यावर भारतात २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा आली, ही त्या गोष्टीची पुढची बाजू.)

साबातिए अबोल होते. चार मुली, बागकामाची आणि चित्रकलेची आवड, इतकाच त्यांचा खासगी संसार लोकांना दिसायचा. १९३० मध्ये कागदोपत्री निवृत्त झाले, तरी शिकवणं थांबलं नाही. १४ ऑगस्ट १९४१ रोजी, दुसरं महायुद्ध ऐन भरात असताना, तुलूझमध्येच त्यांचं निधन झालं. ८६ वर्षांचे होते.

त्यांच्या डोळ्यांआड उभं राहिलेलं विष

साबातिए निवृत्तीला आले होते तेव्हाच, १९२९ मध्ये, अमेरिकेत पीसीबी नावाच्या रसायनांचं व्यापारी उत्पादन सुरू झालं. बेंझिनची दोन कडी जोडलेली आणि त्यावर जागोजागी क्लोरीन. जळत नाही, कुजत नाही, वीज वाहून नेत नाही. ट्रान्सफॉर्मरमध्ये भरायला याहून चांगलं तेल कुठलं? १९३९ मध्ये डीडीटी किडे मारतं हे समजलं. मग कोरड्या धुलाईची सॉल्व्हंट, फ्रिजमधले क्लोरीनवाले वायू, अशी रांगच लागली.

जो गुण होता तोच दोष ठरला. जे कुजत नाही ते संपतही नाही. १९६६ मध्ये स्वीडनमध्ये माशांच्या शरीरात पीसीबी सापडल्याचं समोर आलं. २००१ मध्ये स्टॉकहोम करार झाला, २००६ मध्ये भारतानं त्यावर शिक्कामोर्तब केलं. आपल्याकडे २०१६ च्या आदेशानं पीसीबी बनवणं आणि आयात करणं बंद झालं, आणि वापर पूर्ण थांबवायला ३१ डिसेंबर २०२५ ही मुदत ठरली.

पण आधीच बनलेल्या मालाचं काय? जाळावं तर प्रचंड उष्णता लागते, आणि जाळणं अर्धवट झालं तर डायॉक्झिनसारखं आणखी भयंकर विष तयार होतं. म्हणून संशोधक परत साबातिए आणि माइल यांच्या त्या १९०४ च्या नळीकडे वळले. जाळायचं नाही, हायड्रोजन देऊन क्लोरीन काढून घ्यायचा.

आज फरक असा, की निकेलची नुसती भुकटी वापरत नाहीत. नुसती भुकटी तापली की तिचे कण एकमेकांना चिकटून गोळे होतात, आणि आतलं निकेल फुकट जातं. म्हणून ते ॲल्युमिना, सिलिका किंवा कोळशासारख्या सच्छिद्र पदार्थावर पसरवतात. या पदार्थाला म्हणायचं आधार. चांगल्या ॲल्युमिनाच्या एका ग्रॅममधली सगळी भोकं उलगडून पसरली तर शंभर चौरस मीटरहून जास्त जागा भरते. मुंबईतले बरेच टू बीएचके त्यापेक्षा लहान आहेत. त्या जागेवर निकेलचे डोळ्यांना न दिसणारे कण लांब लांब बसवायचे. हायड्रोजन येतो, कणावर फुटून दोन होतो. क्लोरीनवालं रसायन येतं, क्लोरीन सोडून हायड्रोजन घेऊन जातं.

पॅलेडियम हे काम निकेलपेक्षा कमी उष्णतेत आणि सफाईनं करतं. पण त्याची किंमत बघितली की कारखानदार आपोआप निकेलकडे बघायला लागतात.

निकेलची जुनी अडचण मात्र आजही तीच आहे. सुटलेला क्लोरीन हायड्रोजन क्लोराइड होऊन बाहेर पडतो, आणि जाता जाता निकेललाच डसतो. क्लोराइड झालेलं निकेल आधारावरून सरकतं, कण परत एकत्र येतात, आणि काही तासांत, काही दिवसांत वेग मंदावतो. उपाय चालू आहेत. कुणी सोबत कॉस्टिक सोड्यासारखा अल्क घालतं, म्हणजे आम्लाचं तिथल्या तिथे मीठ होतं. कुणी निकेलमध्ये दुसरा धातू मिसळतं, म्हणजे क्लोरीनवरची पकड थोडी सैल व्हावी. कुणी आधार बदलून बघतं. हे सगळे खटाटोप म्हणजे फार घट्ट नको, फार ढिली नको, त्याच मधल्या पकडीचा शोध.

शिवाय क्लोरोबेंझिनमधून क्लोरीन काढल्यावर उरतं ते बेंझिन, आणि ते काही सरबत नाही, कॅन्सरला कारण ठरतं. पण ते कारखान्यात परत कच्चा माल म्हणून वापरता येतं, आणि जाळलं तर त्यात डायॉक्झिन व्हायला क्लोरीनच उरलेला नसतो. आणि वापरून मेलेलं निकेल कुठंही टाकून चालत नाही. त्याची संयुगं स्वतःच विषारी आहेत, त्यामुळे ते गोळा करून धातू परत काढावा लागतो.

१९६९ मध्ये तुलूझच्या विज्ञान विद्यापीठाला पॉल साबातिए यांचं नाव देण्यात आलं. तिथून काही अंतरावर कॅथलिक संस्था आजही आहे, जिथं सांदरेंस शिकवायचे.